साखरेच्या पाण्यातून रेणूपर्यंत: द्रवांचे गुणधर्म मोजायला बसणाऱ्यांसाठी

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचा विषय ठरवायची वेळ आली की बेळगाव काय, खानापूर-निपाणी काय, सगळीकडची मुलं नॅनोच्या मागे लागतात. "सर, नॅनोमधलं काहीतरी द्या की." मग कुणाच्या तरी ओळखीनं एखाद्या लॅबमध्ये चिमूटभर पावडर तयार होते, तिचे आलेख भलत्याच कुणाच्या मशीनवर निघतात आणि मुलाच्या हाती उरते स्पायरल बाइंडिंगची फाइल. मोजलं कुणी, चूक किती असेल, आकडा असाच का आला, असं काही विचारलं की सगळे गप्प.

पदार्थांच्या भौतिक गुणधर्मांवर खरंच काम करायचं असेल तर साखर आणि पाणी घ्या, असं मी सांगतो. मुलांचं तोंड वाकडं होतं. पण प्रयोग आणि सिद्धांत ही दोन्ही टोकं एकाच माणसाला एकाच टेबलावर धरता येतील, असा याहून सोपा द्रव मला माहीत नाही. शिवाय वाट मळलेली आहे. १९०५ मध्ये बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या आइन्स्टाइन यांनी झुरिक विद्यापीठाला पीएच.डी.चा जो प्रबंध दिला, तो साखरेच्या पाण्याबद्दलच होता. साखर विरघळली की पाणी किती दाट होतं आणि साखर पाण्यात किती वेगानं पसरते, या दोन आकड्यांवरून त्यांनी साखरेच्या रेणूचा आकार आणि अ‍ॅव्होगाड्रोचा अंक (एका मोलमध्ये किती रेणू असतात तो आकडा) काढला. त्यांनी स्वतः प्रयोग केला नव्हता, इतरांनी मोजलेले आकडे वापरले होते. यातला दाटपणाचा अर्धा भाग तुम्ही स्वतः मोजायचा आहे.

१. काय मोजायचं ते आधी लिहून काढा

द्रवाचे गुणधर्म पुष्कळ आहेत: घनता, व्हिस्कॉसिटी (वर म्हटलेला दाटपणा, म्हणजे वाहायला होणारा विरोध), पृष्ठताण, अपवर्तनांक, ध्वनीचा वेग, विद्युतवाहकता. नवख्या माणसाला सगळंच मोजावंसं वाटतं. तसं करू नका. घनता आणि व्हिस्कॉसिटी एवढे दोनच घ्या, पण नीट घ्या.

वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न लिहा: "एक ग्रॅम साखर पाण्यात विरघळल्यावर किती जागा अडवते?" हा प्रश्न दोन वाटांनी सोडवता येतो, एकदा घनतेवरून आणि एकदा व्हिस्कॉसिटीवरून. दोन्ही उत्तरं सारखी येत नाहीत. ती का येत नाहीत, तिथंच या कामाची खरी गंमत आहे.

२. सामान

ऑस्टवाल्ड व्हिस्कोमीटर, म्हणजे यू आकाराची काचेची नळी. तिच्या एका बाजूला दोन खुणांमधला फुगा आणि खाली बारीक केशनळी. कॉलेजच्या केमिस्ट्री विभागात ही नळी कपाटात धूळ खात पडलेली असते. मागून घ्या. मात्र आधी पाणी घालून बघा: वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरायला शंभर सेकंदांहून जास्त वेळ लागला पाहिजे. वीस-तीस सेकंदांत पाणी पळत असेल तर ती नळी तेलासाठी आहे, आपल्या कामाची नाही.

२५ मिलीलीटरची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी बॉटल, म्हणजे घनता काढायची, बुचाला बारीक भोक असलेली बाटली. १०० मिलीलीटरचे मापक फ्लास्क. मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा तराजू. एक दशांश अंश वाचता येईल असा थर्मामीटर. रबरी बल्ब. स्टॉपवॉच मोबाइलमधलं चालतं. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं, या कामाला तेवढं पुरे. साखर दुकानातलीच घ्या. पांढरी दाणेदार साखर जवळजवळ शुद्ध सुक्रोजच असते. पावसाळ्यात मात्र ती ओल धरते. त्यामुळे साठ-सत्तर अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-तीन तास वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वजन करताना डबा उघडा टाकून गप्पा मारत बसू नका.

काकवी, उसाचा रस, मध यांचा मोह पहिल्या फेरीत टाळा. रस काही तासांत आंबतो. काकवी प्रत्येक गुऱ्हाळाची वेगळी, आणि एकाच गुऱ्हाळाची सुद्धा घाणागणिक वेगळी.

३. तापमान सांभाळणं हेच निम्मं काम

या लेखातलं एकच प्रकरण दोनदा वाचणार असाल तर हे वाचा.

पाण्याची व्हिस्कॉसिटी २५ अंशांना ०.८९० मिलीपास्कल-सेकंद असते, ३० अंशांना ०.७९७ आणि ४० अंशांना ०.६५३. म्हणजे नेहमीच्या हवामानात दर अंशामागे साधारण दोन टक्के फरक. आता शंभर मिलीलीटर द्रावणात एक ग्रॅम साखर असेल तर व्हिस्कॉसिटी किती वाढते? जेमतेम अडीच टक्के. पाण्याचं माप सकाळी घेतलं आणि साखरेचं दुपारी, मध्ये खोली एका अंशानं तापली, की तुमची साखर जवळजवळ गायब होईल. आकडे वहीत व्यवस्थित दिसतील, आलेखही निघेल, पण मोजली गेलेली असेल ती बेळगावची दुपार.

म्हणून बाथ हवा, म्हणजे एकाच तापमानाला ठेवलेली पाण्याची टाकी. तयार थर्मोस्टॅट असेल तर उत्तमच. नसेल तर माशांची काचेची टाकी घ्या, निदान पंधरा-वीस लीटरची. पाणी जितकं जास्त तितकं तापमान सावकाश हलतं. माशांच्या टाकीचाच हवेचा पंप लावला की पाणी ढवळत राहतं. टाकीच्या तीन बाजूंना थर्माकोल लावा, समोरची बाजू बघायला मोकळी. तापमान ३० अंश ठरवा. आपल्याकडे पावसाळ्यात आणि हिवाळ्यात खोली त्याहून गारच असते, त्यामुळे टाकी हळूहळू निवते आणि वाटीभर गरम पाणी घालून तिला परत जागेवर आणता येतं. खोली ३० च्या वर गेली की हेच काम उलट होतं आणि बर्फ घालत बसावं लागतं. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत कामाला लागा. थर्मामीटर नळीच्या फुग्याला लागूनच असू द्या, टाकीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नको. माप सुरू होताना आणि संपताना, दोन्ही वेळचं तापमान लिहा. फरक ०.१ अंशाहून जास्त असला तर ते माप धरू नका.

थर्मामीटर खरा आहे का, हेही बघायला हवं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बारीक ठेचलेला बर्फ घालून शून्य तपासा. वरचं टोक तपासताना मात्र पुस्तकातला १०० हा आकडा धरू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. इथला हवेचा दाब ६९५ मिलीमीटर पाऱ्याच्या आसपास असतो आणि पाणी सुमारे साडेसत्त्याण्णव अंशांना उकळतं. थर्मामीटरनं इथं १०० दाखवले तर तो अडीच अंश खोटं बोलतोय.

४. द्रावणं

दोन, चार, सहा, आठ, दहा ग्रॅम, अशी पाच द्रावणं करा. "शंभर मिलीलीटर पाण्यात दोन ग्रॅम" असं नव्हे, "शंभर मिलीलीटर द्रावणात दोन ग्रॅम". साखर आधी साठ-सत्तर मिलीलीटर पाण्यात पूर्ण विरघळवा, फ्लास्क बाथमध्ये ठेवून ३० अंशांवर येऊ द्या आणि मगच खुणेपर्यंत पाणी भरा. गार पाण्यानं खूण गाठली आणि नंतर फ्लास्क तापला तर द्रावण खुणेच्या वर जाईल. फरक लहान असतो, पण आपण सगळे लहान फरकच मोजतोय.

द्रावणं त्याच दिवशी वापरा. दुसऱ्या दिवशी त्यात बुरशीचे धागे दिसले तर नवल नाही, आणि मुंग्यांना तर केशनळीचं भोक नेमकं सापडतं.

५. घनता

बाटली रिकामी, मग पाण्यानं भरून, मग द्रावणानं भरून, अशी तीन वजनं. पाण्याची ३० अंशांची घनता ०.९९५७ ग्रॅम प्रति मिलीलीटर धरा. बाटली बाथमधून काढली की बाहेरून कोरडी पुसा, पण तळहातात धरू नका. हाताच्या उबेनं द्रव बुचाच्या भोकातून वर येतो. आत हवेचा बुडबुडा राहिला का ते उजेडाकडे धरून बघा.

दर ग्रॅम साखरेमागे (शंभर मिलीलीटरमध्ये) घनता सुमारे ०.००३८ नं वाढलेली दिसेल. या आकड्यातून पहिलं उत्तर निघतं. शंभर मिलीलीटर द्रावणाचं वजन काढा, त्यातून साखरेचं वजन वजा करा, राहिलेल्या पाण्याचं आकारमान काढा आणि ते शंभरातून वजा करा. एका ग्रॅमला साधारण ०.६२ मिलीलीटर येतं. घन साखरेची घनता १.५९ च्या आसपास, म्हणजे कोरड्या साखरेच्या एका ग्रॅमची जागा ०.६३ मिलीलीटर. विरघळूनही साखरेनं जागा जवळपास तेवढीच घेतली.

६. व्हिस्कॉसिटी

नळी स्वच्छ नसेल तर पुढचं सगळं फुकट आहे. साबणाचं कोमट पाणी, मग भरपूर साधं पाणी, मग डिस्टिल्ड वॉटर, शेवटी थोडं अ‍ॅसिटोन आणि हवा. जुन्या जर्नलमध्ये क्रोमिक अ‍ॅसिडनं धुवा असं लिहिलेलं असतं. ते विषारी आहे, कर्करोगकारक आहे, आणि साखरेच्या पाण्यासाठी त्याची काडीची गरज नाही. अ‍ॅसिटोन पेट घेतं, तेव्हा जवळपास बर्नर नको.

मग क्रम असा:

नळी बाथमध्ये उभी बसवा, वरचा फुगाही पाण्याखाली गेला पाहिजे. नळी सरळ उभी आहे का ते ओळंब्यानं बघा, दोऱ्याला नट बांधला तरी ओळंबा होतो. नळी तिरकी झाली की द्रवाच्या स्तंभाची उंची बदलते आणि वेळ बदलतो.

पिपेटनं दर वेळी नेमकं तेवढंच द्रव घाला. ऑस्टवाल्ड नळीत ही अट कडक आहे, कारण किती द्रव घातलं त्यावर खाली ढकलणारा दाब ठरतो.

दहा मिनिटं थांबा. काचेच्या आतलं द्रव बाथच्या तापमानाला यायला वेळ लागतो आणि घाई इथंच होते.

रबरी बल्बनं द्रव वरच्या खुणेच्या वर ओढा. तोंडानं ओढू नका. आज साखर आहे, उद्या दुसरं काही असेल, सवय आजच लागते.

द्रव सोडून द्या, वरच्या खुणेशी वेळ सुरू, खालच्या खुणेशी बंद. डोळा खुणेच्या बरोबर समोर.

असं पाच वेळा करा. पाचही खेपांची मापं एकमेकांच्या अर्ध्या सेकंदात आली तर पुढं जा. वेळ दर खेपेला वाढतच चालली असेल तर केशनळीत कचरा अडकतोय. इकडंतिकडं हलत असेल तर बाथ स्थिर नाही. सरासरी काढून हा फरक झाकू नका, कारण शोधा.

आधी पाणी, मग दोन ग्रॅमचं द्रावण, मग चार, असं चढत जा. शेवटी पुन्हा एकदा पाणी. पाण्याची पहिली आणि शेवटची वेळ जुळली नाही तर मधल्या सगळ्या मापांवर प्रश्नचिन्ह आहे. ही शेवटची फेरी बहुतेक जण कंटाळून सोडतात. मी जर्नल तपासताना आधी तीच बघतो.

द्रावणाची वेळ गुणिले द्रावणाची घनता, भागिले पाण्याची वेळ गुणिले पाण्याची घनता: ही झाली सापेक्ष व्हिस्कॉसिटी. केशनळीची त्रिज्या या भागाकारात उडून जाते, आणि हाच या पद्धतीचा मोठेपणा. केशनळीतून द्रव किती वाहतो ते सांगणाऱ्या पॉइझ्वी यांच्या सूत्रात त्रिज्येचा चौथा घात असतो; त्रिज्या मोजताना दोन टक्के चुकलात तर उत्तर आठ टक्के चुकतं. गुरुत्वाचा आकडाही उडून जातो. पुढं कधी केशाकर्षणानं पृष्ठताण मोजाल तेव्हा तो उडणार नाही, तिथं बेळगावसाठी ९.८१ ऐवजी ९.७८ घाला.

७. आलेख

सापेक्ष व्हिस्कॉसिटीतून एक वजा करा आणि उरलेल्या आकड्याला साखरेच्या प्रमाणानं भागा, प्रमाण ग्रॅम प्रति मिलीलीटरमध्ये. प्रत्येक द्रावणाचा एक बिंदू मिळेल. आडव्या अक्षावर प्रमाण, उभ्या अक्षावर हा भागाकार.

दहा ग्रॅमच्या द्रावणाला आकडा तीनच्या वर जातो आणि प्रमाण कमी होईल तसा उतरतो. कारण दाट द्रावणात साखरेचे रेणू एकमेकांच्या वाटेत येतात. आपल्याला एकटा रेणू हवा आहे. तेव्हा बिंदूंमधून रेघ काढून ती शून्य प्रमाणापर्यंत मागे न्या. ती उभ्या अक्षाला अडीचच्या आसपास छेदली पाहिजे. आइन्स्टाइन यांनी वापरलेला आकडा होता २.४५.

दोन ग्रॅमचा बिंदू सगळ्यांत जास्त हलेल, कारण तिथला परिणामच लहान. पाण्याला १२० सेकंद लागत असतील तर दोन ग्रॅमला वेळ जेमतेम पाच सेकंदांनी वाढते, आणि बोटाची चूक ०.२ सेकंदांची. प्रत्येक बिंदूला त्याच्या चुकीची उभी रेघ काढा, म्हणजे रेघ ओढताना कुठल्या बिंदूवर किती विश्वास टाकायचा ते डोळ्यांना दिसतं.

८. आता सिद्धांत

आइन्स्टाइन यांचं म्हणणं असं: द्रवात लहान कडक गोळे तरंगत असतील आणि त्यांनी एकूण आकारमानाचा अमुक अंश व्यापला असेल, तर व्हिस्कॉसिटी त्या अंशाच्या अडीच पटीनं वाढते. गोळ्यांचा आकार कितीही असो, फक्त त्यांनी व्यापलेली एकूण जागा महत्त्वाची. आपला आकडा २.४५ आला तर त्याला २.५ नं भागा: ०.९८. म्हणजे एक ग्रॅम साखर ०.९८ मिलीलीटर जागा अडवते.

घनता म्हणाली ०.६२ आणि व्हिस्कॉसिटी म्हणते ०.९८. दोघांपैकी कुणी खोटं बोलत नाही. साखरेचा रेणू पाण्यातून सरकताना आसपासचे काही पाण्याचे रेणू धरून ठेवतो. प्रवाहाला तो सगळा गठ्ठा अडथळा म्हणून जाणवतो. फरक आहे ग्रॅममागे ०.३६ मिलीलीटर. साखरेचा एक मोल ३४२ ग्रॅमचा, म्हणजे मोलमागे सुमारे १२३ मिलीलीटर पाणी, आणि पाण्याचा एक मोल १८ मिलीलीटरचा. साखरेच्या एका रेणूमागे साधारण सहा-सात पाण्याचे रेणू. माशांची टाकी, बुचाची बाटली आणि मोबाइलचं घड्याळ एवढ्यावर हा आकडा निघाला.

आता अ‍ॅव्होगाड्रो. एका मोलचं अडवलेलं आकारमान ०.९८ गुणिले ३४२, म्हणजे ३३५ मिलीलीटर. त्याला तीननं गुणा आणि चार गुणिले पायनं भागा: ८० मिलीलीटर, म्हणजेच १० चा उणे पाचवा घात गुणिले ८ घनमीटर. हा झाला "त्रिज्येचा घन गुणिले अ‍ॅव्होगाड्रो".

दुसरं समीकरण साखरेच्या पसरण्याचं. स्थिर पाण्यात साखर किती वेगानं पसरते तो विसरण-गुणांक. पातळ द्रावणात २५ अंशांना तो १० चा उणे दहावा घात गुणिले ५.२ चौरसमीटर प्रति सेकंद. हा घरी मोजणं कठीण, तक्त्यातून घ्या. वायुस्थिरांक ८.३१४ गुणिले केल्विनमधलं तापमान, भागिले सहा गुणिले पाय गुणिले पाण्याची व्हिस्कॉसिटी गुणिले हा गुणांक. व्हिस्कॉसिटीही २५ अंशांचीच घ्या, ०.८९०, एक २५ ची आणि दुसरी ३० ची अशी सरमिसळ करू नका. उत्तर येतं १० चा चौदावा घात गुणिले २.८४ मीटर. हे झालं "त्रिज्या गुणिले अ‍ॅव्होगाड्रो".

पहिल्याला दुसऱ्यानं भागा, वर्गमूळ काढा. त्रिज्या ०.५३ नॅनोमीटर. ती दुसऱ्या समीकरणात परत घाला: अ‍ॅव्होगाड्रोचा अंक १० चा तेविसावा घात गुणिले ५.३५. खरा आकडा ६.०२. नॅनोच हवं असेल तर हे घ्या, अर्धा नॅनोमीटर, स्वतः मोजलेला.

कमी पडलं त्याची कारणं लिहा. साखरेचा रेणू गोल नाही. तो पाण्याच्या रेणूपेक्षा फार मोठाही नाही, आणि सिद्धांत मात्र पाणी अखंड, सलग आहे असं धरतो. इतकी ढोबळ गृहीतकं असून उत्तर एवढं जवळ येतं, याचंच मला दर वेळी नवल वाटतं.

इथं एक सापळा आहे. समजा तुम्ही घनतेचा भाग विसरलात आणि नुसत्या वेळांचा भागाकार घेतला. मग २.४५ ऐवजी २.०६ च्या आसपास येईल, आणि त्यावरून अ‍ॅव्होगाड्रो येईल सुमारे ५.८. म्हणजे चुकीच्या हिशेबानं उत्तर पुस्तकाच्या जास्त जवळ गेलं! परीक्षक खूष होईल, प्रयोग मात्र चुकलेला असेल. म्हणून उत्तर जुळलं का, हे बघण्याआधी प्रत्येक पायरी तपासा.

आइन्स्टाइन यांची गोष्टही याच जातीची आहे. प्रबंधात त्यांचा अंक आला होता २.१ (गुणिले १० चा तेविसावा घात). पुढच्या वर्षी छापताना साखरेचे अधिक चांगले आकडे घेऊन तो ४.१५ झाला. त्या मूळ गणितात व्हिस्कॉसिटी व्यापलेल्या अंशाच्या एकपटच वाढते असं निघालं होतं. नंतर पॅरिसमध्ये जाँ पेराँ यांचे विद्यार्थी बान्सलँ यांनी बारीक कण तरंगवलेल्या पाण्याची व्हिस्कॉसिटी प्रत्यक्ष मोजली, ती त्याहून कितीतरी जास्त भरली. तेव्हा आइन्स्टाइन यांनी आपलं गणित लुडविग हॉप्फ यांना तपासायला दिलं, आणि एका ठिकाणी चूक सापडली. एकपटीच्या जागी अडीचपट आली, आणि १९११ च्या दुरुस्तीनंतर अंक झाला ६.५६. गणितातली चूक प्रयोगानं पकडून दिली.

९. पुढची पायरी

तीच नळी, नुसतं पाणी, तापमान २५ पासून ४० पर्यंत पाच-पाच अंशांनी. व्हिस्कॉसिटीचा नैसर्गिक लॉगॅरिथम आणि केल्विन तापमानाचा व्यस्त यांचा आलेख जवळपास सरळ रेघ देतो. उतारावरून मोलमागे १६ किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा निघते. रेघ किंचित वाकते, ती सरळ करायच्या मागे लागू नका. पाणी तसंच आहे.

संगणकाकडे ओढा असेल तर ग्रोमॅक्स किंवा लॅम्प्स हे रेणूंच्या हालचालीचे प्रोग्रॅम फुकट मिळतात आणि लहान नमुन्यासाठी साधा लॅपटॉप पुरतो. २५ अंशांच्या पाण्याची व्हिस्कॉसिटी त्यात काढून बघा. टिप-थ्री-पी नावाचं पाण्याच्या रेणूचं फार वापरात असलेलं मॉडेल ०.३२ च्या आसपास देतं, म्हणजे खऱ्या पाण्याच्या निम्म्याहून कमी; टिप-फोर-पी-२००५ हे ०.८५ च्या जवळ जातं. स्वतः नळीतून पाणी मोजलेल्या मुलाला हा फरक लगेच खटकतो. ज्यानं फक्त संगणकावर काम केलं, तो ०.३२ सुद्धा बिनधास्त छापतो.

दाट द्रवांसाठी गोळी पडायची पद्धत. मेडिकलमधलं ग्लिसरीन, सायकलच्या दुकानातल्या एक अष्टमांश इंचाच्या स्टीलच्या गोळ्या, सहा सेंटिमीटर रुंद काचेची उंच बरणी. २० अंशांच्या ग्लिसरीनमध्ये स्टोक्सच्या नियमानं (दाट द्रवात पडणाऱ्या गोळीचा वेग सांगणारा नियम) गोळी सेकंदाला अडीच सेंटिमीटर पडायला हवी. तशी पडत नाही, बरणीच्या भिंती तिला अडवतात. गोळीचा व्यास भागिले बरणीचा व्यास, गुणिले २.१, अधिक एक, या आकड्यानं वेग गुणून घ्या; इथंच अकरा टक्क्यांचा फरक पडतो. ग्लिसरीन हवेतली ओल पितं. खानापूरच्या पावसात बरणी उघडी राहिली तर आठवड्यानं भलताच द्रव मोजाल. काकवीतही ही पद्धत लागू पडते, फक्त गोळी दिसत नाही. अरुंद नळी आणि मागून बॅटरीचा उजेड लावून बघा, तेव्हा भिंतीची दुरुस्ती आणखी मोठी होईल. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुणी ओळखीचं असेल तर हायड्रॉलिकचं ६८ नंबरचं ऑइल मागून आणा. तो ६८ म्हणजे ४० अंशांवरची त्याची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (व्हिस्कॉसिटी भागिले घनता), सेंटीस्टोक्समध्ये. तुमचा आकडा दहा टक्क्यांच्या आत आला तर हात बसला म्हणायचा. डब्यावरच्या नंबरालाही तेवढीच सूट असते.

घन पदार्थांकडे जायचं असेल तर जांभ्याचा तुकडा घ्या. कोरडं वजन, पाण्यात मुरवून वजन, पाण्यात टांगून वजन. मुरलेलं वजा कोरडं, भागिले मुरलेलं वजा टांगलेलं: ही दगडातल्या पोकळीची मात्रा. काळ्या दगडाशी ताडून बघा.

१०. मशीन लागलंच तर

ध्वनीचा वेग मोजायचा अल्ट्रासॉनिक इंटरफेरोमीटर पुष्कळ कॉलेजांत असतो. अपवर्तनांकासाठी साखर कारखान्यातल्या शेतकी विभागाकडे ब्रिक्स (रसातलं साखरेचं प्रमाण) बघायचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर असतो, तो तासाभरासाठी मागता येतो. साखरेच्याच प्रश्नांवर बेळगावात एस. निजलिंगप्पा शुगर इन्स्टिट्यूट आहे. त्यापलीकडचं काही लागलं तर आपण दोन विद्यापीठांच्या मधोमध आहोत: दक्षिणेला धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, उत्तरेला कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. दोन्हीकडे बाहेरच्यांचे नमुने फी घेऊन तपासणाऱ्या उपकरण-सुविधा आहेत. जवळ राणी चन्नम्मा विद्यापीठ आणि विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठही आहेत.

कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र न्या. आधी ईमेल करा आणि त्यात काय मोजायचं, कुठल्या तापमानाला, किती नमुने आणि अपेक्षित आकडा कोणत्या टप्प्यातला, एवढंच लिहा. अपेक्षित आकडा लिहिलेला असला की समोरचा माणूस तुम्हाला गंभीरपणे घेतो. बाटलीवर लेबल इंग्रजीत लावा, धारवाडला नमुने घेणाऱ्याला मराठी वाचता येईलच असं नाही: पदार्थ, प्रमाण, केल्याची तारीख आणि वेळ. नमुन्यांसोबत शुद्ध पाण्याचीही एक बाटली द्या आणि तिचाही आकडा मागा. त्यांचं मशीन पाण्याला काय दाखवतं ते कळल्याशिवाय बाकीचे आकडे वहीत उतरवू नका. साखरेची द्रावणं घरून करून नेऊ नका. वजन केलेली साखर कागदी पुड्यांत नको, झाकणाच्या छोट्या बाटल्यांत न्या आणि द्रावण तिथं पोचल्यावर करा.